नारळाला आलेलं उत्तर

यंदा नारळी पौर्णिमेला वेळसंदच्या कोळ्यांनी वाहिलेला नारळ समुद्राने त्रुटी काढून परत पाठवला.

भरतीबरोबर तो मत्स्य कार्यालयाच्या पायरीवर टक्कन आपटला, तशी यामिनी दचकली. नोकरीला लागून तिला दोनच महिने झाले होते. सोनेरी कागद नीट घडी करून सोबत जोडला होता आणि करवंटीवर शेरा होता: 'जाळ्याच्या भोकांचे माप जोडलेले नाही. तोवर बोटी सोडू नयेत.'

चौदा देशांच्या मासेमारी आयोगाने एप्रिलमध्ये समुद्राला सभासद करून घेतलं होतं, त्यामुळे शेरा बंधनकारक होता. तो वाचून दाखवायचं काम तिचं, आणि निघायच्या बेतात असलेली पहिली बोट तिच्या वडिलांची.

"अगो बाय," वामन डिझेलचा कॅन खाली न ठेवताच म्हणाला, "तुझा आजा नारळ द्यायचा नि लगेच बोट काढायचा. उत्तराला कोण थांबलंय कधी?"

"तेही लिहिलंय, बाबा. मागच्या बाजूला." तिने नारळ उलटा केला. "'यापूर्वी एकदाही उत्तराची वाट पाहिलेली नाही.'"

"आणि ती परदेशी मोठाली जहाजं?"

"सगळ्या देशांचे नारळ परत आलेत. एका देशाला नारळ मिळेना म्हणून त्यांनी अननस पाठवला होता. तो विचाराधीन आहे."

वामनने चार महिने खपून नवं जाळं विणलं होतं. त्यातून करंगळीसुद्धा जात नव्हती.

"हंगाम गेला तर खायचं काय?"

"पिल्लंच उचलली तर पुढच्या वर्षी काय खायचं?" यामिनी बोलून गेली आणि स्वतःच दचकली.

वामनने कॅन खाली ठेवला. मग सुरीने जाळ्याचा हातभर तुकडा कापला, नारळाला बांधला आणि ओहोटीला सोडला.

सगळे किनाऱ्यावर बसून राहिले. हात कुठे ठेवावेत ते कुणाला कळेना.

"मुलगी बघायला आल्यासारखे बसलेत बघा!" बायका हसल्या.

तिसऱ्या दिवशी पायरीवर टक् वाजलं. अर्धा नारळ आला होता. जाळ्याचा तुकडा समुद्राने ठेवून घेतला होता.

"म्हणजे अर्धा हंगाम," वामन म्हणाला. उरलेलं जाळं त्याने तिच्या टेबलावर आणून टाकलं. "ह्याची पोच दे. मला मोठ्या भोकांचं विणायला घ्यायचंय."

यामिनीने पोच दिली आणि खोबरं वाटलं. ते जरा खारट होतं. एक तुकडा तिने टाचणी लावून फाइलीत ठेवला. आयोगाला मूळ प्रतच लागते.