टू-वे बटण आणि काजलच्या कुरडया

इतवारीच्या बाजारातून टू-वे बटणं आणली, त्या दिवसापासून गिरिधर हवेत होता. त्याच्या गच्चीवरची टाकी भरून वाहिली की पाणी शेजारच्या प्रयागबाईंच्या गच्चीवर पडायचं. टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपचं तोंड दुसरीकडे वळवलं असतं तरी भागलं असतं. पण त्यात डोकं कुठे दिसतं? त्याने मोटरचं एक बटण खाली दाराशी बसवलं, दुसरं वर जिन्यात. कुठूनही चालू करा, कुठूनही बंद करा! फक्त या बटणांना चालूची अशी ठरलेली बाजू नव्हती. कोणतंही दाबलं की चालू मोटर बंद व्हायची आणि बंद असलेली चालू.

"पण चालू हाय का बंद, हे कसं समजते?" बायकोने, सरिताने विचारलं. मोटर विहिरीच्या तळाशी, तिचा आवाज घरात कुठला येणार?

असल्या अडाणी प्रश्नांना गिरिधर उत्तर देत नसे. त्याने थेट प्रयागबाईंना शब्द दिला, "नातीच्या, काजलच्या रुखवताच्या कुरडया बिनधास्त वाळवा. थेंब पडला तर मले बोला."

दुसऱ्याच दिवशी काजलच्या रुखवताच्या कुरडया शेजारी पसरल्या आणि इकडे टाकी वाहू लागली. गिरिधरने जिन्यात धावत जाऊन बटण दाबलं. पाण्याचा आवाज ऐकून सरितानेही त्याच क्षणी खालचं दाबलं. धार तशीच! त्याने पुन्हा दाबलं, तिनेही. दोघं जीव तोडून मदत करत होते आणि मोटर बिचारी दोघांचंही ऐकत होती.

"तू हात नको लावू, मीच करतो!" शेवटी तो ओरडला. मग धार एकदाची आटली. कडेच्या चार कुरडया भिजल्या, तेवढ्यावर निभावलं.

तोवर प्रयागबाई तणतणत खालच्या दारात आल्या. समोरच्या बटणाचं तोंड त्यांना खाली दिसलं.

"काहून गा गिरिधर, हे तं चालूच हाय!"

सरिता थांबा म्हणेपर्यंत त्यांनी ते दाबलं आणि निश्चिंत मनाने कुरडया उलटवायला गेल्यासुद्धा.

वर पाइपला पुन्हा धार लागली. आता हे आरडाओरडा न करता, गुपचूप मिटवायला हवं होतं. गिरिधरने श्वास रोखून अगदी हलक्या हाताने जिन्यातलं बटण दाबलं.

खाली सरितानेही तेच केलं.