कपाटातली काकडी

ग्रंथपालाला सासऱ्यांचं पुस्तक रद्दीत काढायचं होतं आणि हे घरी कळू द्यायचं नव्हतं. सासरे घरीच राहत असल्याने काम नाजूक होतं.

वाचनालयाचा नियम असा, की पाच वर्षांत कुणीच न नेलेली पुस्तकं महिनाअखेरीला रद्दीच्या यादीत जातात. सासऱ्यांनी निवृत्तीनंतर लिहिलेलं ‘गॅलरीतली काकडी : लागवड आणि निगा’ हे पुस्तक एकोणीस वर्षांत एकच माणूस नेत आला होता, तेही दर दोन महिन्यांनी न चुकता. तो माणूस म्हणजे खुद्द सासरे. मग समितीने दुरुस्ती केली, की लेखकाने स्वतः नेलेलं धरू नये. समितीच्या डोळ्यांसमोर नेमकं कोण होतं, हे ग्रंथपालाने विचारलं नाही.

एवढ्यात साथ आली. सासरे मास्क लावून पुस्तक परत करून गेले, ग्रंथपालाने ते जागेवर ठेवलं आणि मागे वळून पाहतो तो दारात आरोग्य निरीक्षक.

“हे आत्ता परत आलं ना?”

“हो.”

“मग चौदा दिवस वेगळं ठेवायचं. परिपत्रक वाचलं नाहीत?”

“साहेब, पुस्तकाला ताप येत नाही.”

“लक्षणं नसलेलेच जास्त धोक्याचे,” निरीक्षक म्हणाले. “शेजारी कोण होतं त्याच्या?”

एका बाजूला मधमाश्या होत्या, दुसऱ्या बाजूला घरगुती वायरिंग. संपर्कात आल्यामुळे दोघांची रवानगी खालच्या कप्प्यात झाली. काकडीला दारासमोरचं काचेचं कपाट मिळालं. निरीक्षकांनी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि काचेवर चिठ्ठी डकवली : ‘धोका. हात लावू नये. आदेशावरून.’

ग्रंथपालाला बरंच वाटलं. पुस्तक साथीत दगावलं, असं आता घरी सांगता येणार होतं.

पण दुपारी एका चॅनेलच्या बातमीदार बाई आल्या. समोरच्या बंद सिग्नलची बातमी करायला त्या आल्या होत्या आणि सिग्नल नेमका सुरू झाला होता. रिकाम्या हाताने परतायचं कसं, म्हणून त्या पाणी प्यायला आत शिरल्या आणि त्यांना कपाट दिसलं.

संध्याकाळी घरी टीव्हीवर तेच कपाट. खाली लाल अक्षरांत : ‘कपाटात कैद काकडी. कुणाला वाटतेय भीती?’ एक विचारवंत विचारस्वातंत्र्याबद्दल इतके कळवळून बोलत होते, की त्यांचा चष्मा धुकटला. दुसरे संस्कृतिरक्षक म्हणाले, “पान सत्तेचाळीसवर जे लिहिलंय, ते चारचौघांत वाचता येणार नाही.”

“आपण वाचलंय?” निवेदकाने विचारलं.

“मी असली पुस्तकं वाचत नाही.”

ग्रंथपालाच्या बायकोने आवाज कमी केला. “बाबा, काय लिहिलंय तुम्ही सत्तेचाळीसवर?”

“पाणी किती घालावं ते,” सासरे म्हणाले. “एक दिवसाआड.” आणि त्यांनी आवाज पुन्हा मोठा केला.

दुसऱ्या दिवशी वाचनालयासमोर गर्दी. निम्म्यांना पुस्तक सोडवायचं होतं, निम्म्यांना जाळायचं. निरीक्षकांना दोन्ही गट सारखेच. त्यांनी सहा-सहा फुटांवर खडूने गोल आखले आणि सगळ्यांना त्यांत उभं केलं. मास्कमधून घोषणा एकसारख्याच ऐकू येत होत्या, त्यामुळे अकराच्या सुमारास दोन्ही गट एकमेकांना साथ देऊ लागले. पुस्तक नेण्यासाठी तीनशे बारा नावं नोंदली गेली. त्यांत जाळणारेही होते. निदान एकदा चाळून मग जाळू, असं त्यांच्यातल्या एका नेमस्ताचं म्हणणं पडलं.

ग्रंथपालाचं मन पालटलं. पुस्तक आता खरंच वाचू शकत होतं. पण समितीने कळवलं, की नाव नोंदणं म्हणजे नेणं नव्हे. चौदावा दिवस महिन्याचा शेवटचा होता. त्या दिवशी कुणीतरी सही करून नेलं, तर सुटलो.

चौदाव्या दिवशी सकाळी सासरे इस्त्रीचा शर्ट घालून त्याच्यासोबत आले.

“जावईबापू, कपाट उघडू देऊ नका.”

“अहो बाबा, तीनशे बारा लोक थांबलेत.”

“तेच ना. वाचतील ते.”

“वाचावं म्हणूनच लिहिलंत ना?”

“लिहिलं तेव्हा त्यात नुसती काकडी आहे, याचं कुणाला वाईट वाटणार नव्हतं. आता वाटेल.”

ग्रंथपाल काही बोलणार, तोवर निरीक्षकांनी किल्ली फिरवून दार उघडलं. सासरे दोन पावलं पुढे झाले, मास्क खाली ओढला आणि कपाटात व्यवस्थित खोकले.

निरीक्षकांनी दार लावलं. “पुन्हा चौदा दिवस.”

घरी जाताना ग्रंथपालाने रागारागात सगळं सांगून टाकलं. सासऱ्यांनी मास्क वर ओढला.

“यादीत घालणार होतात तर.”

“आजच घालायला हवं होतं. पण हात लावू नये असा आदेश आहे, म्हणून महिनाभर वाचलं.”

“आणि मला बोलला नाहीत.”

“धीर झाला नाही.”

“मग आपण दोघंही सारखेच,” सासरे म्हणाले.

त्या चौदा दिवसांत कुठल्याशा शाळेच्या पडद्याच्या रंगावरून देश पेटला आणि गर्दी तिकडे गेली. कपाट उघडलं तेव्हा बाहेर फक्त खडूचे गोल होते. ग्रंथपाल रोज नाव नोंदलेल्या लोकांना फोन करत होता. पहिला पडद्यापाशी बसला होता. दुसऱ्याने विचारलं, “कुठली काकडी?” असं करत त्याही महिन्याचा शेवटचा दिवस आला. बंद व्हायला पाच मिनिटं होती. ग्रंथपालाने रद्दीची यादी पुढे ओढून पहिल्या ओळीत काकडीचं नाव घातलं.

कुणीतरी घसा खाकरला. निरीक्षक होते.

“घरी म्हणतात, दंड आणि चिठ्ठ्या सोडून दुसरं काहीतरी करा,” ते टेबलाकडे बघत म्हणाले. “गॅलरीत चार कुंड्या रिकाम्या आहेत.”

त्यांनी सही केली. ग्रंथपालाने यादीतली पहिली ओळ खोडली.

तीन आठवड्यांनी निरीक्षक पुस्तक परत घेऊन आले. सासरे तिथेच पेपर वाचत बसले होते.

“पान सत्तेचाळीसवर माझा आक्षेप आहे,” निरीक्षक म्हणाले.

सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला.

“एक दिवसाआड पाणी म्हटलंय. माझी रोपं माना टाकतायत. रोज लागतं.”

सासऱ्यांनी चष्मा काढला, सावकाश पुसला, पुन्हा घातला. एकोणीस वर्षांत पुस्तकावर वाचून घेतलेला हा पहिलाच आक्षेप होता.

“गॅलरीचं तोंड कुठल्या बाजूला?” त्यांनी विचारलं.

“पश्चिमेला.”

“मग पान बावन्न वाचलं नाहीत तुम्ही.”

“वाचलंय. त्यावरही आक्षेप आहे.”

सासरे उठले, एक खुर्ची ओढत आणली आणि निरीक्षकांसाठी मांडली. सहा फुटांवर, पावलांनी मोजून.