सगळ्यांनी सोडलेला यमुना गट

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि समजा, तुमची अगदी जवळची मैत्रीण समोरच्याच फ्लॅटमध्ये राहते. तुमच्या बाल्कनीतून हाक मारली की ती तिच्या बाल्कनीत येते. मग एके दिवशी एक टेम्पो येतो, त्यात त्यांचं कपाट चढतं, पलंग चढतो आणि सगळ्यांत शेवटी ती चढते. आता तिच्या बाल्कनीत दुसऱ्याच कुणाचे तरी शर्ट वाळत असतात. तुम्ही सवयीने हाक मारायला तोंड उघडता आणि तसंच मिटता. जमलं का डोळ्यांपुढे आणायला? मग राधाची गोष्ट तुम्हाला लगेच कळेल.

राधा दहा वर्षांची होती आणि दिल्लीत मयूर विहारमध्ये राहत होती. तिची मैत्रीण तेजश्री गुडगावला गेली होती. तिथे तेव्हा नुकत्याच नव्या वसाहती उठत होत्या आणि जयेशकाकांना, म्हणजे तेजश्रीच्या बाबांना, तिथल्या एका नव्या कॉलेजात नोकरी लागली होती. मयूर विहारहून गुडगावला जायचं म्हणजे धौला कुआँला बस बदलायची आणि दुसऱ्या बसमध्ये जागा मिळाली तर नशीब. राधाच्या घरी फोन नव्हता. अर्ज करून तीन वर्षं झाली होती. त्यामुळे दोघींची भेट वर्षातून दोनच वेळा व्हायची, खो-खोच्या सामन्याला.

त्याचं असं होतं. राधाचे बाबा राजाभाऊ मयूर विहारच्या कॉलेजात क्रीडाशिक्षक होते आणि जयेशकाका गुडगावच्या कॉलेजात क्रीडाशिक्षक. दोन्ही कॉलेजं यमुना गटात खेळायची. गटात सहा कॉलेजं होती. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोन सामने खेळायचे, एक आपल्या मैदानावर, एक त्यांच्या. मयूर विहारचा नंबर दरवर्षी चौथा यायचा आणि गुडगावचा पाचवा. एखाद्या वर्षी उलट. पण राधाला आणि तेजश्रीला नंबराशी काही देणंघेणं नव्हतं. सामना चालू असताना दोघी मैदानाकडे पाठ करून बसायच्या आणि सहा महिन्यांचं बोलून घ्यायच्या.

त्या वर्षी डिसेंबरात बातमी आली की मल्होत्रा नावाचे एक केबलवाले गृहस्थ नवा 'राजधानी गट' काढताहेत. त्यातले सामने टीव्हीवर दिसणार होते. मयूर विहारच्या कॉलेजच्या प्राचार्या चंद्रप्रभा मॅडमनी राजाभाऊंना बोलावलं.

"राजाभाऊ जी, यमुना गट छोड़ने का एक लेटर टाइप करके रखिए."

"मॅडम, पण आपण कुठे सोडतोय?"

"छोड़ नहीं रहे. सिर्फ तैयार रखना है. डेट मत डालिए."

राजाभाऊंनी पत्र टाइप केलं. आता गंमत अशी की यमुना गटाचे मानद सचिवही राजाभाऊच होते. त्यामुळे पत्राच्या सुरुवातीला त्यांना स्वतःलाच 'माननीय सचिव महोदय' असं लिहावं लागलं. मॅडमनी खाली सही केली. एक प्रत फाइलला हवी म्हणून संध्याकाळी राजाभाऊ राधाला घेऊन मार्केटातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेले.

त्यांचा नंबर लागला आणि लाईट गेली. तासाभराने आली. तोवर दुकानात एवढी गर्दी झाली होती की प्रत बाहेर आल्याबरोबर राजाभाऊंनी ती घडी करून खिशात घातली आणि राधाचा हात धरून ते बाहेर पडले. मूळ कागद काचेवर, झाकणाखाली तसाच राहिला. तुमच्या घरच्या मोठ्या माणसांना विचारा, हे प्रत्येकाने एकदा तरी केलेलं आहे.

रांगेत पुढचा नंबर होता नोएडाच्या कॉलेजच्या त्यागी सरांचा. त्यांनी झाकण उचललं, कागद बघितला, वाचला आणि पुन्हा वाचला. मग ज्यासाठी आले होते ते पुतण्याच्या लग्नाचं आमंत्रण तसंच बगलेत धरून ते स्कूटरवर बसले.

त्यागी सर वाईट माणूस नव्हते. सापडलेला कागद ज्याचा त्याला पोचला पाहिजे असं त्यांचं मत होतं. कागद सचिवांच्या नावाने होता, म्हणून त्यांनी तो दुसऱ्या दिवशी रजिस्टर पोस्टाने सचिवांना पाठवून दिला. त्याआधी तो आपल्या प्राचार्यांना दाखवला, एवढंच. आणि शाहदऱ्याच्या सरांना, पण कुणाला सांगू नका म्हणून.

आठवड्याभरात राजाभाऊंच्या घरी सहा पाकिटं आली. ती त्यांनी जेवणाच्या टेबलावर एका ओळीत मांडली.

"नोएडाने गट सोडला," ते म्हणाले. "शाहदऱ्याने सोडला. रोहिणीने सोडला. जनकपुरीने सोडला. सगळ्यांनी कारण एकच लिहिलंय, मयूर विहारने सोडला म्हणून. आणि हे..."

"हे काय?" राधाच्या आईने, वृंदाताईंनी, विचारलं.

"हे माझं. मला आलंय. रजिस्टरने. पोस्टमनने माझी सहीसुद्धा घेतली."

"म्हणजे गटात आता कोण राहिलं?"

"कॉलेज कुठलंच नाही. फक्त सचिव."

"बरं झालं," वृंदाताई म्हणाल्या. "मीटिंगला चहा एकच कप करावा लागेल."

सहावं पाकीट गुडगावचं होतं. एरवी जयेशकाका 'प्रिय राजा' असं लिहायचे. या वेळी त्यांनीही 'माननीय सचिव महोदय' लिहिलं होतं. ते वाचून राजाभाऊंचा चेहरा उतरला. पत्राच्या मागच्या बाजूला, अगदी कोपऱ्यात, तेजश्रीच्या अक्षरात पेन्सिलीने एक ओळ होती. ती राधाने वाचली.

'राधा, तू पण गेलीस का?'

राधा ते पत्र घेऊन बाल्कनीत गेली. समोर आज कुणाची तरी निळी चादर वाळत होती. ती खूप वेळ तिकडे बघत उभी राहिली. मग आत येऊन म्हणाली, "बाबा, चलो. आत्ता फोन करा जयेशकाकांना."

दोघं खालच्या पीसीओवर, म्हणजे पैसे देऊन फोन करायच्या दुकानात, गेली. राधा काचेच्या खोलीत बाबांच्या कोपराला चिकटून उभी राहिली.

"जयेश, अरे तू का सोडलास?" राजाभाऊंनी विचारलं.

"तू सोडलास म्हणून."

"मी सोडलाच नाही."

"मग त्यागीला मिळालं ते काय होतं?"

"ते नुसतं तयार ठेवलेलं पत्र होतं."

"राजा, सोडायचं नव्हतं तर तयार कशाला ठेवलं?"

राधाने बाबांचं कोपर हलवलं.

"बरं, मग तू तुझं पत्र परत घे," राजाभाऊ म्हणाले.

"तू आधी घे."

"आमच्या मॅडम म्हणतात, नोएडाने घेतलं की घेऊ."

"आमचे साहेब म्हणतात, मयूर विहारने घेतलं की घेऊ."

"काका, तेजू आहे का तिथे?" राधाने मध्येच रिसीव्हरकडे तोंड नेऊन विचारलं.

"मी ऑफिसात आहे गं बेटा. ती घरी आहे."

पीसीओवाला काचेवर टकटक करायला लागला. बाहेर रांग होती.

मग जे व्हायचं ते झालं. एकटं राहायला कुणीच तयार नव्हतं, म्हणून सहाच्या सहा कॉलेजांनी राजधानी गटाकडे अर्ज केले. मल्होत्रांना टीव्हीसाठी जितके सामने मिळतील तितके हवेच होते. त्यांनी सहाही कॉलेजं घेतली आणि वर पानिपत आणि रोहतक ही दोन आणखी घेतली.

"म्हणजे आपण सगळे घर सोडून निघालो आणि त्याच घरात पोचलो," राजाभाऊ म्हणाले. ते कळल्यावर राधा तीन दिवस उड्या मारत होती.

चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, मल्होत्रा स्वतः घरी आले. त्यांच्या हातात गुंडाळलेला मोठा कागद होता. टेबलावर त्यांनी तो उलगडला. दिल्ली आणि आजूबाजूच्या गावांचा तो नकाशा होता आणि त्यावर पेन्सिलीने आठ गोल काढलेले होते.

"देखिए, आठ टीमें. दो ज़ोन. चार ईस्ट, चार वेस्ट," मल्होत्रा म्हणाले. "आप ईस्ट में. नोएडा, शाहदरा और पानिपत के साथ."

"पानिपत?" राजाभाऊ म्हणाले. "आम्ही? पानिपतला?"

"चादरी चांगल्या मिळतात," वृंदाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"पण पानिपत पूर्वेला कुठे आहे?"

"कहीं तो डालना था जी."

"आणि गुडगाव?"

"गुड़गाँव वेस्ट में. उनसे फाइनल में मिलिए." मल्होत्रांनी हात पसरले. "अभी तो शुरुआत है, राजाभाऊ जी. तीन साल में जयपुर, चंडीगढ़. पाँच साल में बंबई, मद्रास. लड़के हवाई जहाज से खो-खो खेलने जाएँगे. आज आप सोच भी नहीं सकते."

राजाभाऊंना खरंच विचार करता येत नव्हता. गेली अकरा वर्षं जो संघ चौथ्याच्या वर गेला नाही, तो फायनलला जाईल आणि जो पाचवा येतो, तोही त्याच वर्षी फायनलला येईल, हे त्यांना हवाई जहाजापेक्षा अवघड वाटत होतं.

राधा दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

"म्हणजे आमची मॅच नाही?" तिने विचारलं.

"फायनलला बघू," राजाभाऊ हळूच म्हणाले.

"बाबा, तुम्ही कधी गेलात फायनलला?"

"राधा."

"नाही, मी सिर्फ विचारतेय."

मल्होत्रा हसले. "बड़ी समझदार है. बेटा, तेरे पास कलर हैं? ले आ. ईस्ट को हरा कर दे, वेस्ट को ऑरेंज. नाम के पास ई और डब्ल्यू लिखा है, देखकर भरना." मग राजाभाऊंकडे वळून ते म्हणाले, "बारह बजे नोएडा में प्रेस पर देना है. लड़का वहीं बैठा है, रंग देखकर जोड़ियाँ बना देगा. छप गया तो छप गया, फिर भगवान भी नहीं बदल सकता. बस चार हरे, चार ऑरेंज होने चाहिए."

राधाने रंग आणले आणि नकाशा घेऊन ती खाली फरशीवर पोटावर पालथी झाली. वर टेबलावर थालीपीठं आली. मल्होत्रांनी एक घास खाल्ला आणि हे मराठी परांठे कसे करतात ते वृंदाताईंना विचारायला सुरुवात केली. वृंदाताई सांगू लागल्या. भाजणी म्हणजे काय, ते हिंदीत सांगायला त्यांना वेळ लागत होता.

राधाने मयूर विहारचा गोल हिरवा केला. मग नोएडाचा. मग शाहदऱ्याचा. रंग रेघेबाहेर जाऊ न देता, शाळेत शिकवतात तसा. रोहिणी, जनकपुरी आणि रोहतक नारिंगी केले. दोन गोल उरले. वर पानिपत होतं, खाली डावीकडे गुडगाव. पानिपतजवळचं ई आणि गुडगावजवळचं डब्ल्यू तिने नीट वाचलं. खोडरबर शोधून घेतलं, ती दोन अक्षरं पुसली आणि कागदावर फुंकर मारली.

राजाभाऊंचं खाली लक्ष गेलं. राधाने वर बघितलं.

"मल्होत्राजी," राजाभाऊ म्हणाले, "एक और लीजिए. दही के साथ खाइए, आराम से."

राधाने नारिंगी पेन्सिल उचलली आणि पानिपत भरलं. मग तिने हिरवी घेतली, टोक बघितलं, ते बोथट झालं होतं म्हणून टोकयंत्राने नीट टोक काढलं आणि नकाशातल्या यमुनेवरून हात पलीकडे नेऊन, रेघेला जराही धक्का न लावता, गुडगाव भरायला घेतलं.