आठ नंबरचे केशरी बूट

आमच्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे आक्का, कुणाच्याही घरी गेल्या की आधी माणसांना भेटत नाहीत, चपलांना भेटतात. उंबऱ्याबाहेर कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात आणि तिथल्या सगळ्या जोडांची हजेरी घेतात. "थोरली ल्येक आल्याली दिसती. ही अंगठा तुटल्याली तिच्या नवऱ्याची. आन ही चंदेरी पट्ट्याची कुनाची गं नवी? मला काय करायचंय, पर कोन हाय?"

'मला काय करायचंय' हे आक्कांचं पालुपद. ते कानावर पडलं की त्यांना काय काय करायचंय हे ऐकायला अर्धा तास हाताशी ठेवावा.

एकदा आमच्या नणंदेच्या मुलीला बघायला लोणंदहून पाहुणे आले. मुलगा दिसायला देखणा, बोलायला गोड, पोहे परत मागून घेतले. आत आम्ही सगळ्या खूश. तेवढ्यात आक्का बाहेर फेरी मारून आल्या आणि माझ्या कानाशी लागल्या. "टाचा तुडवल्यात."

"कुणाच्या?"

"बुटाच्या. बूट घालाय वाकायचा कटाळा ज्याला, त्यो संसाराला काय वाकनार?"

झालं, स्थळ मोडलं. तो मुलगा पुढे फौजेत सुभेदार झाला. मी ही बातमी आक्कांना मुद्दाम, तिखटमीठ लावून सांगितली. "झाला आसंल," त्या म्हणाल्या. "तितं बूट सरकार बघतं."

अशा बाईच्या घरात मी साताऱ्याहून धाकटी सून म्हणून कडेगावला गेले. अकरावी शिकलेली, दोन वेण्यांची, आणि डोक्यात हवा एवढी की पंखा लागू नये. कडेगावात माझ्याइतकी फॅशनेबल बाई दुसरी नाही याची मला खात्री होती, फक्त ते कडेगावाला अजून कळलेलं नव्हतं. कळावं म्हणून पहिल्या माहेरपणाहून परतताना मी लाल रंगाच्या, चांगल्या तीन बोटं उंच टाचांच्या सँडल घेऊन आले. घरात घालायची छाती नव्हती. म्हणून पिशवीतून शेतात नेल्या, बांधाआड चढवल्या आणि उसाच्या कडेनं ठुमकत निघाले. दहा पावलं ठुमकले असेन. बांध ओला होता. टाच रुतली आणि मी सरळ पाण्याच्या पाटात बसले. मुद्दामच बसल्यासारखा चेहरा केला, वर ओंजळ भरून तोंडही धुतलं.

पलीकडे आक्का खोरं घेऊन उसाला पाणी देत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सँडलकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मला काय करायचंय, पर पानी अडवाय दगूड हुता की गं. तू कशाला बसलीस?"

ही बाई दुष्ट आहे, असं मी तेव्हा रात्रभर उशीला सांगितलं. आता वाटतं, खोरं माझ्या हातात असतं तर मी याहून वाईट बोलले असते.

तर गेल्या वर्षी याच आक्कांच्या पायात बाभळीचा काटा मोडला आणि त्यांना दोन दिवस पत्ताच नव्हता. साखरेनं पाय बधिर झालेले. त्यांचा पुण्याचा मुलगा त्यांना इथं साताऱ्यात डॉक्टरांकडे घेऊन आला आणि ड्रेसिंगसाठी माझ्याकडे ठेवून गेला. आम्ही दोघं मागेच इथं राहायला आलो होतो; आता मी एकटीच असते, मला काही अडचण नव्हती. डॉक्टर तरुण, पण स्पष्ट बोलणारे. "आजी, रोज चालायचं. पण अनवाणी एक पाऊलसुद्धा नाही, आणि ती कडक चप्पल बंद. मऊ बूट घ्या. जखम चिघळली तर बोटावर निभावणार नाही, पाय जाईल. भरली की मग खुशाल गावाला जा."

बूट घ्यायला गेलो तर वेगळाच पेच. आक्कांचं पाऊल जन्मभर ढेकळं तुडवून ऐसपैस झालेलं. दुकानदारानं मापाच्या पट्टीवर पाय ठेवून घेतला आणि मान हलवली. "आठ नंबर. बायकांत येत नाही, आजी. पुरुषांत हा एकच जोड उरलाय." त्यानं खोका उघडला. आत झगझगीत केशरी बूट. तळवा पोपटी, नाड्या पोपटी.

आक्का बराच वेळ बघत राहिल्या. "आगं, ही तर भजी आन चटनी!"

माझी हसून पुरेवाट झाली. मी काही साधी बाई नाही. पन्नास वर्षांपूर्वीचा पाट मला लख्ख दिसत होता. "घ्या की आक्का," मी म्हटलं, "तुमच्या गोऱ्या पायाला उठून दिसतील." पण त्यांचा चेहरा बघितला आणि पुढची मस्करी मी सोडून दिली. जन्मभर दुसऱ्याच्या पायांची परीक्षा घेतलेल्या बाईला आता स्वतःचे पाय घेऊन परीक्षेला बसायचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळचं फिरणं सुरू झालं. गुडघ्यांमुळे मी घरीच. आक्कांना वाकता येत नाही, म्हणून नाड्या मी बांधून द्यायची. त्या पातळ इतकं खाली सोडायच्या की कॉलनीचा रस्ता झाडून निघावा, आणि पिशवी घेऊन पाऊल न दाखवता सरकत सरकत फाटकाबाहेर पडायच्या. भाजी आणते म्हणायच्या. चालतायत ना, मी समाधानी होते.

मग एका दुपारी शेजारच्या माने वहिनी वाटीत शिरा घेऊन आल्या. एकदम हळू आवाजात. "काकू, आक्का कशाचा नवस करतायत हो?"

"नवस?"

"अनवाणी फिरतात की रोज! आम्ही विचारलं, नवस हाय व्हय? तर व्हय म्हणाल्या. काय निष्ठा म्हणायची या वयात! आम्ही सगळ्या रोज त्यांच्या पाया पडतो."

वहिनी गेल्यावर मी बूट बघितले. तळवे कोरे करकरीत. आणि दोन्ही टाचा तुडवून चपट्या झालेल्या. वळणावर गेल्या की एका पायानं दुसऱ्याची टाच दाबून बूट उतरवायचे आणि पिशवीत मेथीखाली टाकायचे, येताना टाचा तुडवूनच पुन्हा पाय खुपसायचे, असा कारभार होता.

मी बूट त्यांच्यापुढे धरले. "आक्का, टाचा तुडवल्यात."

त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"डॉक्टर काय म्हणाले होते? पाय गेला तर?"

"जाऊ दे गेला तर. पर लोकं हसाय नगत."

"आणि त्या बायका पाया पडतात तेव्हा?"

"मी काय बोलवाय जाती व्हय? त्यांनीच इचारलं, नवस हाय का. बूट हायती म्हन्ल्यापरास ती बरं वाटलं."

त्या दिवशी ड्रेसिंग सोडताना जखमेच्या कडा लाल दिसल्या. ओरडून उपयोग नव्हता, आक्कांवर ओरडून कुणाचाच कधी उपयोग झालेला नाही. मी रिक्षा केली, त्याच दुकानात गेले आणि सांगितलं, "तुमच्याकडचा सगळ्यात भडक जोड काढा, पाच नंबर." त्यानं जांभळा काढला. त्याला गुलाबी पट्टे होते. परगावच्या माझ्या नातीनं तो मोबाईलवर बघितला आणि "आज्जी, एकदम भारी!" म्हणाली, तेव्हाच माझा धीर निम्मा झाला.

सकाळी आम्ही दोघी निघालो. फाटकाबाहेर पाऊल टाकलं आणि मला वाटलं, कॉलनीतल्या सगळ्या खिडक्या माझ्या पायांवर रोखल्यात. बघत होतं फक्त एक मांजर, तेही लगेच गेलं. तरी माझे पाय एकमेकांमागे लपायला बघत होते. आक्का मात्र माझ्या बुटांकडे बघून चक्क हसत होत्या. "सुमे, तुजं तर वांग्याचं भरीत झालंय!" हसता हसता त्यांनी पातळ जरा वर उचललं, चालायला सोपं पडावं म्हणून.

मैदानाशी बायकांनी गाठलंच. "आजी, बूट? नवस फिटला व्हय?"

"फिटला," आक्का म्हणाल्या.

"काय मागितलं हुतं?"

आक्कांनी माझ्याकडे बोट केलं. "हिचं गुडघं चालती व्हावीत म्हनून." आणि तिथल्या दोघी-तिघींनी माझ्या गुडघ्यांना हात जोडले! माझे गुडघे एवढ्या मानाला पोचतील असं मला कधी वाटलं नव्हतं. माने वहिनींनी बूट कुठले, केवढ्याचे ते विचारून घेतलं. कुणी हसलं नाही.

घरी आल्यावर आक्का पायरीवर बसल्या, मी खाली बसून त्यांच्या नाड्या सोडायला लागले. "आता मला तरी सांगा," मी चिडवलं, "खरा नवस कशाचा होता?"

"लाज वाटत हुती ती खरी," त्या म्हणाल्या. "पर ती धा दिसातच सरली. आपलंच पाय, किती दिस लाजायचं?"

"मग बूट काढत का होतात?"

"डाक्टर काय म्हन्ला? जखम भरली की गावाला जावा. तितं कुनाचं पायतान बघू? माजंच येकटीचं आसतंय दारात."

नाडी सुटली होती. तरी मी सोडवत बसले.

मग आत गेले. दोन महिने झाले तरी त्यांची पातळं खाटेखालच्या पिशवीतच होती. कपाटाचा मधला कप्पा मी रिकामा केला आणि त्यात ती रचायला लागले. आक्का दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मदला नगं. वाकाय लागतंय. वरला दे."

वरच्यात ह्यांचे स्वेटर होते, ते गेल्यापासून तसेच. मी ते काढून मधल्या कप्प्यात ठेवले. आक्का खाटेवर बसून बघत होत्या.

"नीट घडी घाल," त्या म्हणाल्या. "माज्या दिराची हायती ती."