हत्तिणीची खिडकी आणि सशिणीच्या अटी

एका जंगलात, मुलांनो, गजगौरी नावाची हत्तीण राहायची. तिच्या सगळं लक्षात राहायचं. कोणाचं बीळ कुठे, कोणाला पिल्लं किती, कोण पाण्यावर कधी जातं. प्राणी तिला आपणहून सांगायचे, कारण पूर आला की ती ज्याला त्याला हाक द्यायची.

पुढे ही माहिती विचारायला इतरही येऊ लागले. मग गजगौरीने आपल्या कुडाला एक खिडकी पाडली. तीनदा टकटक करायची, ठरलेल्या शब्दांत विचारायचं, उत्तर घ्यायचं आणि त्यातून जंगलाची सेवा करायची. माकड पिकलेल्या बोरांची खबर देऊ लागलं. सगळे खूश.

कोल्ह्याने 'बाळसोबत' काढली. आई पाण्यावर गेली, की तो पिल्लांपाशी बसणार. फुकट!

हे ऐकून धवळी सशीण धावतच खिडकीशी गेली.

"गजगौरीताई, माझी पाण्याची वेळ कोल्ह्याला सांगितलीत?"

"त्याने तीनदा टकटक केली गं."

"आणि बिळाला मागचं दार नाही, हेही?"

"ठरलेल्या शब्दांत विचारलं. फार सभ्य आहे हो. आणि खिडकी उघडताना मी सगळ्यांना अटी ऐकवल्या, तेव्हा तू मान डोलावलीस ना?"

"अहो, ती डुलकी होती! तुमच्या अटी सकाळी सुरू झाल्या, त्या उन्हं कलली तरी चालूच!"

"डुलकी हाही होकारच. तीसुद्धा अटच आहे."

धवळी घरी पळाली. कोल्हा बिळाच्या तोंडाशी पाय जोडून बसला होता. आत पिल्लं गपगार.

"या वहिनी. तुम्ही निवांत पाण्यावर जा."

धवळी म्हणाली, "जाते हो भावोजी. आधी आमच्या बिळाच्या अटी ऐका. न ऐकता सेवा सुरू केलीत, तर गजगौरीताई खिडकी बंद करतील तुमची."

खिडकी बंद म्हणजे जेवण बंद. कोल्हा सावरून बसला.

"अट पहिली. बीळ म्हणजे बीळ, तसेच बिळाचे तोंड, तसेच तोंडाभोवतीची माती, तसेच त्या मातीवरील गवत, ओले अथवा सुके..."

गवताच्या मुळांपर्यंत येईतो कोल्ह्याचे डोळे मिटले.

"...तसेच पिल्ले आईबरोबर केव्हाही निघून जातील. मान्य?"

कोल्ह्याची मान डोलली. पिल्लं त्याच्या शेपटीवरून टुणटुण उड्या मारत आईमागे पसार झाली.

जाग आल्यावर कोल्हा तणतणत खिडकीशी गेला. टकटक करायलाही विसरला.

"कोल्होबा," गजगौरी म्हणाली, "मान डोलावलीत ना?"

तात्पर्य: लांबलचक अटी नीट ऐकाव्यात, असं मोठी माणसं सांगतात. त्यांच्या नादी लागू नका. अटी ऐकायच्या नसतात, बाळांनो, ऐकवायच्या असतात.