पसारा दाखवायचा नाही!

"हॉटेल म्हणजे काय हो? नंबर घातलेली कपाटं! माणसं आत ठेवायची आणि सुट्टी संपली की बाहेर काढायची!"

धाकट्या जावयाने सासरच्या भर बैठकीत हे जाहीर केलं आणि थोरल्या जावयाच्या हातातला कप हवेतच राहिला. आजवर सगळ्यांची सुट्टी थोरले ठरवत आले होते, आणि थोरले म्हणजे हॉटेल! आता धाकटा बस आगारात वेळापत्रकं लावणारा. अख्ख्या शहराच्या गाड्या हलवणाऱ्या माणसाला घरची एक सहल हलवता येऊ नये, हे त्याच्या मनाला फार लागलं होतं.

"यंदा व्हिला! अख्खा बंगला आपला, बाग आपली, पोहायचा हौद आपला. आणि आईंनी नुसतं पाय पसरून बसायचं!"

"आणि नाही आवडलं तर?" थोरल्याने मिशीतल्या मिशीत हसत विचारलं.

"तर जन्मभर तुमचं हॉटेल! पण आई स्वतःच्या तोंडाने 'मजा आली' म्हणाल्या, तर यापुढे सुट्टी मी ठरवणार!"

साडूंनी हातावर हात मारला. "टाळ्या नंतर वाजवा," सासूबाई फडकं घेऊन आल्या, "आधी पाय वर घ्या, फरशी पुसायचीय."

व्हिला होता मात्र झकास! जिना असा, की उतरताना आपण कुठल्या तरी संस्थानचे राजे आहोत असं वाटावं. सगळ्यांनी बॅगा उघडल्या, टॉवेल फेकले, दूध उतू घालवलं. सासरे वर जाऊन आडवे झाले. सासूबाई आरामखुर्चीत पाय पसरून बसल्यासुद्धा! धाकट्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आणि तेवढ्यात किल्ल्या देणारा रखवालदार जाता जाता बोलून गेला, "दुपारी साफसफाईला बाई येईल हं. तुम्ही काही करू नका."

झालं! सासूबाई स्प्रिंग सुटावी तशा उठल्या.

मंडळी, त्या घराचा एक कायदा होता. कामाला येणाऱ्या बाईला पसारा दिसता कामा नये. घरीसुद्धा बाई यायच्या आत सासूबाई केर काढून, भांडी घासून मोकळ्या! बाई यायची ती चहा पिऊन, ख्यालीखुशाली विचारून जायची.

"परकं माणूस येऊन आपला हा उकिरडा बघणार? उठा सगळे!"

"आई, ती त्यासाठीच येते हो!" धाकटा कळवळला.

"म्हणून काय तिला घाण दाखवायची? जावईबापू, पडदे काढा!"

आणि मग जे वादळ सुटलं म्हणता! थोरली लेक न्हाणीघरात घुसली, धाकटी करपलेल्या पातेल्याशी झोंबू लागली. थोरले जावई, ज्यांनी आयुष्यात स्वतःचा चष्मा पुसला नव्हता, ते खिडकीच्या काचांना लोंबकळत होते! चपलासुद्धा पुसल्या गेल्या. सासूबाईंनी खोल्यांमागून खोल्या अशा चकाचक केल्या, की माशी बसली असती तर घसरून पडली असती. सगळं सामान जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत कोंबून दार लावलं, आणि फौज गालिचे झटकायला मागच्या बागेत गेली.

इकडे बाई पुढच्या दाराने आली आणि उंबऱ्यातच थबकली. एक चप्पल नाही, एक कप नाही, गालिचासुद्धा नाही! तिने व्हिला भाड्याने देणाऱ्या एजंटला फोन लावला, "साहेब, पाहुणे सोडून गेले हो! घर असं लख्ख आहे, की जणू कुणी राहिलंच नव्हतं!" एजंटच्या समोर एक कुटुंब जागेसाठी हटून बसलेलंच होतं. त्याने त्यांना लगेच धाडलं, आणि बाई आल्या पावली परत गेली.

आपली फौज धुळीने माखून मागच्या दाराने आत आली, तर दिवाणखान्यात एक ढेरपोटे गृहस्थ तंगड्या पसरून बसलेले!

"वा! नोकरमाणसं भरपूर आहेत की! बाई, चहा टाका. आणि तू रे मिशीवाल्या, बॅगा वर ने!"

थोरल्यांच्या मिशीतून धूर निघायचाच बाकी होता. "मी? हॉटेलात माझ्या बॅगा उचलायला माणूस येतो!"

"अहो, आम्ही इथे राहतो!" धाकटा ओरडला. "आई, सांगा ना!"

पण सासूबाई स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होत्या. "घरी आलेल्या माणसाला चहा नको का विचारायला?"

धाकट्याने फोन करताच एजंट धावत आला. त्यानेही घर निरखलं आणि मान हलवली. "बुकिंग तुमचं होतं, मान्य. पण तुम्ही जागा सोडलीत. सोडली नसेल, तर सामान दाखवा!"

"हे काय, जिन्याखाली!" धाकटा धावला. पण सासूबाई त्याच्याआधी पोचल्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"दार उघडायचं नाही! आत सगळं कसंही कोंबलंय. चार माणसांत शोभा करायचीय माझी?"

"आई, नाहीतर रस्त्यावर जाऊ!"

"जाऊ! पण नीटनेटके जाऊ!"

थोरल्यांनी खिशातून मोबाइल काढला. "हॉटेलात जागा आहे का, विचारतो हं," ते इतक्या गोड आवाजात म्हणाले, की धाकट्याचे डोळे भरून आले. गेली! सगळी अब्रू गेली, जन्माची सुट्टी गेली!

एवढ्यात वरून किंकाळी आली. सगळे जिन्याने धावले. ढेरपोट्यांची बायको पलंगापासून चार हात लांब थरथरत उभी होती. "मी नुसती टेकले हो! तर पलंग बोलला!"

ताठ ओढलेल्या, एकही सुरकुती नसलेल्या चादरीखालून एक टक्कल हळूहळू बाहेर आलं. सासरे! मुळात माणूस फळकुटासारखा बारीक, त्यात झोप कुंभकर्णाची. सासूबाईंनी कामाच्या झपाट्यात त्यांच्यासकट पलंग आवरला होता!

"चहा झाला का गं?" सासऱ्यांनी जांभई देत विचारलं.

एजंटने कोपरापासून हात जोडले. "सामान राहू द्या. पटलं!"

ते कुटुंब गेलं. चहा घेतल्याशिवाय सासूबाईंनी सोडलं नाही, ही गोष्ट वेगळी. मग सगळी फौज जागच्या जागी कोसळली. धाकट्याने कण्हत, कंबर धरत, शेवटी विचारलंच, "आई… कसं काय वाटलं?"

सासूबाईंनी चकाकणाऱ्या घरावरून डोळे भरून नजर फिरवली. चेहरा असा उजळला होता, जणू पुन्हा माहेरी आल्या होत्या.

"खरं सांगू, जावईबापू? अशी मजा जन्मात आली नव्हती!"

धाकट्याने दुखती कंबर विसरून उडीच मारली! जिंकला! थोरल्यांनी मान खाली घातली.

"पण पुढच्या वेळी जरा मोठा बंगला घ्या हं," सासूबाई पुढे म्हणाल्या. "हा पहिल्याच दिवशी संपला!"