ढेरपोट्या अक्षरांची नोटीस

"बाबा, लवकर या! तुमची अक्षरं चालायला लागली!" छपाईच्या दुकानातून सुनेने हाक मारली, तेव्हा पेंटरकाका हातातला चहा अर्धा सांडत धावले.

पेंटरकाकांनी चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. त्यांचं अक्षर ढेरपोटं, गाल फुगवलेलं, आता हसेन की मग हसेन अशा बेताचं. ते आधी पोट रंगवत आणि डोक्यावरची रेघ अगदी शेवटी, टोपी घातल्यासारखी. फुगेवाले, आइस्क्रीमवाले, खेळण्यांची दुकानं, सगळे त्यांच्याकडे येत. गंभीर काम मात्र त्यांच्या वाट्याला एकदाच आलं. एका दवाखान्याने 'शांतता राखा' लिहून घेतलं आणि त्या पाटीपुढे मुलं इतकी खिदळू लागली की तिसऱ्या दिवशी पाटी उतरवावी लागली. ती गोष्ट काकांना अजून टोचत असे.

पुढे हात थरथरू लागला. जुन्या भिंतींना नवे रंग लागले, पाट्या भंगारात गेल्या. उरलं ते पलंगाखालचं कागदी साच्यांचं बाड. त्यावरून सुनेने सहा महिने खपून एकेक अक्षर कॉम्प्युटरात उतरवलं होतं.

"लांबलचक मजकुरात कशी दिसतात ते बघू," ती म्हणाली. "वकीलसाहेबांची नोटीस घेते. झाडून सगळी जोडाक्षरं एका पानात सापडतात."

कागद बाहेर आला. 'याद्वारे आपणांस अंतिम इशारा देण्यात येतो की' एवढी ओळ पोट धरधरून हसत होती. काकांचे डोळे भरून आले. कागद चुरगळू नये म्हणून त्यांनी तो समोरच्या निळ्या फायलीत अलगद ठेवला.

दोन दिवसांनी तो एका मित्राला दाखवावा म्हणून ते शोधू लागले.

"अगं, माझा कागद कुठाय?"

"कुठे ठेवला होतात?"

"निळ्या फायलीत."

सुनेचा चेहरा पडला. निळी फाईल वकिलांची. त्यांचा कारकून ती कधीच घेऊन गेला होता. वरचा कागद सही होऊन टपालात गेला, खालची खरी नोटीस जादा प्रत समजून कपाटात पडली. सही करताना वकील कागद बघत नसत. मजकूर आपलाच, त्यात काय बघायचं?

फोनवर वकील कडाडले. "वीस वर्षांत माझ्या नोटिशीला कोणी हसलेलं नाही! रविवारी अकराला ती नोटीस मिळालेला माणूस हजर व्हायचाय. तो हसला, तर सोमवारपासून माझं एक पान तुमच्याकडे येणार नाही!"

दुकानातलं निम्मं काम वकिलांचं होतं. काका खुर्चीत बसले. "पोरी, काढून टाक ती अक्षरं."

"काढली तर ती राहतील कुठे, बाबा? भिंतीवर तर एकही उरलं नाही."

काकांनी समोरच्या कोऱ्या भिंतीकडे पाहिलं. "रविवारपर्यंत थांबू या," सून म्हणाली.

रविवारी काका माफी मागायला वकिलांच्या ऑफिसात जाऊन बसले. समोर वकिलांचा अशील तोंड फुगवून बसला होता. जिन्याखालच्या सामानावरून त्याचं धाकट्या भावाशी वाजलं होतं आणि नऊ वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. अकराच्या ठोक्याला धाकटा आला. सोबत बायको, कडक इस्त्रीच्या कपड्यांतली दोन मुलं, एकाच्या हातात फुगा. स्वतःच्या हातात केकचा खोका.

"दादा, बोलावलंस, बरं केलंस," तो म्हणाला.

"मी? तुला?"

"मग हे काय?" धाकट्याने खिशातून नोटीस काढली.

"अहो, वाचलीत का ती?" वकील ओरडले.

"वाचायचं काय त्यात? अक्षरं बघितली. बाबांच्या खेळण्यांच्या दुकानावर हीच होती. खाली वार आणि वेळ. दादाने मुद्दाम त्या अक्षरांत छापून घेतलं, म्हणजे राग गेला. एवढंही कळत नाही होय मला?"

थोरल्याने कागद हातात घेतला. बराच वेळ तो त्यावरून बोट फिरवत राहिला.

"त्या पाटीवरच्या 'ख'चं पोट मी खिळ्याने खरवडलं होतं," तो हळूच म्हणाला. "आणि मार तू खाल्लास."

"अजून दुखतंय," धाकटा म्हणाला.

"आपल्या दाव्यासंबंधी..." वकिलांनी सुरुवात केली, पण अशिलाचं तोंड केकने भरलं होतं. कोपऱ्यात बसलेल्या पेंटरकाकांनी चष्मा काढून पुसला. माफी मागायची राहूनच गेली.

सोमवारी वकील स्वतः दुकानात आले. काका खुर्चीतून उठून उभे राहिले.

"अशील गेला हातचा," वकील म्हणाले. "यापुढे माझी एकही नोटीस त्या अक्षरांत निघता कामा नये."

"काढूनच टाकतो, साहेब," काका कसेबसे म्हणाले.

"काढू नका!" वकील एकदम म्हणाले, आणि मग जमिनीकडे बघत त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. "एवढं एक छापून द्या. त्याच अक्षरांत. मुलाला पाठवायचंय. भांडून गेला, चार वर्षं घरी आलेला नाही. लहानपणी त्या खेळण्यांच्या दुकानापुढून हलायचा नाही हो तो."

सुनेने कागद उघडला. 'याद्वारे आपणांस कळविण्यात येते की, हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत खालील पत्त्यावर जातीने हजर राहावे.'

"वकीलसाहेब, मजकूर जरा..."

"मला दुसरं काही लिहिता येत नाही," वकील पुटपुटले.

पेंटरकाकांनी खुर्ची कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ ओढली.

"राहू दे गं तसंच," ते म्हणाले. "फक्त त्या 'हजर'ची पोटं जरा वाढव."